गाडीच्या सर्व्हिसिंगचे बिल आणि चार गुंठे ऊस



उसाचे बिल हातात पडले की आपण काय करतो? आधी वजन बघतो. मग तोडणी-वाहतूक किती गेली, सोसायटीची वसुली किती झाली, कुठली कपात नवीन दिसते, हे चष्मा लावून बघतो. नाही समजले तर पोराला हाक मारतो. काट्यावर थोडा फरक वाटला तरी पारावर चार दिवस तोच विषय चालतो. आणि ते योग्यच आहे. घामाच्या पैशाचा ताळा घातलाच पाहिजे. सहकाराने आपल्याला दुसरे काही शिकवले नसेल, तरी एवढे नक्की शिकवले.

पण हाच आपला सभासद चारचाकी घेऊन सर्व्हिसिंगला शोरूममध्ये जातो तेव्हा त्याचे काय होते कोण जाणे! गार हवेच्या खोलीत बसतो, फुकटची कॉफी पितो, समोर चार पानी बिल आले की शेवटचा आकडा तेवढा बघतो आणि विचारतो, "सही कुठं करायची?"

हे आम्ही दुसऱ्याला नावे ठेवायला लिहीत नाही. आमचीही तीच गत झाली, म्हणून लिहितो आहोत.

गेल्या वर्षी हंगाम तोंडावर असताना आम्ही आमची गाडी सर्व्हिसिंगला सोडली. गाडी पेट्रोलवरची, पन्नास हजार किलोमीटर झालेली, वॉरंटी संपलेली. शोरूमचे नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही. पुणे-बंगळूर महामार्गाला लागून अशी काचेची दुकाने कमी नाहीत, आणि आमचा मुद्दा एका दुकानाचा नाही. गाडी सोडून आम्ही गावात कामाला गेलो. दुपारी फोन आला, "सर, गाडीत थोडं काम निघालंय. करून टाकू का?" आम्ही बाजार समितीच्या गडबडीत होतो. म्हणालो, "करा की."

त्या दोन शब्दांची किंमत संध्याकाळी कळली. बिल झाले १३,७४२ रुपये.

घरी येऊन रात्री, पहिल्यांदाच, ते बिल आम्ही उसाच्या बिलासारखे वाचायला घेतले. इंजिन ऑईल, त्याचा फिल्टर आणि वॉशर मिळून २,६४० रुपये. हवेचा आणि एसीचा फिल्टर १,१९० रुपये. मजुरी करासह २,३६० रुपये. इथपर्यंत ६,१९० रुपये झाले आणि इथपर्यंत आमची काही तक्रार नाही. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात पन्नास हजाराला एवढेच काम सांगितले आहे. पण पुढे यादी सुरूच होती. अलाइनमेंट-बॅलन्सिंग १,१८०; ते दोनच महिन्यांपूर्वी टायर बदलताना करून झाले होते. इंजिन फ्लश ७०८. एसी डिसइन्फेक्शन १,०६२. थ्रॉटल बॉडी क्लीनिंग ८२६. आतल्या भागाला पॉलिश १,४१६. गाडीच्या पोटाला कोटिंग २,३६०. ही बेरीज ७,५५२ रुपये. म्हणजे जे हवे होते त्यापेक्षा जे नको होते त्याचेच बिल मोठे!

आता हा हिशोब आपल्या भाषेत करू. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये एफआरपी ठरवली. उताऱ्याप्रमाणे ती वाढते आणि तोडणी-वाहतूक त्यातून जाते. हिशोबापुरते हातात साडेतीन हजार धरले, तर आमचे सर्व्हिसिंग जवळजवळ चार टन उसाला पडले. एकरी चाळीस टन धरले तर गुंठ्याला टन येतो. म्हणजे चार गुंठ्यांतला ऊस, लावणीपासून तोडणीपर्यंत वर्ष-सव्वा वर्ष पोसलेला, एका दुपारी त्या काचेच्या दुकानात गेला. त्यातले दोन गुंठे तर नुसत्या "करा की" म्हणण्यात गेले. खत, पाणी आणि मशागत यात अजून धरलेलीच नाही.

देखभाल नको असे आमचे म्हणणे नाही

इथे कोणी असा अर्थ काढू नये की सर्व्हिसिंगच टाळावे. आपण साखर कारखान्याचे मालक आहोत. देखभालीचे महत्त्व आपल्याला कोणी शिकवायला नको. गाळप संपले की कारखान्यात काय होते? मिलचे रोलर उघडतात, बॉयलरच्या नळ्या साफ होतात, टर्बाईन तपासले जाते, बेअरिंगे बघितली जातात. ओव्हरहॉलिंगचा खर्च वाचवला म्हणून कुठल्या कारखान्याचे भले झाल्याचे ऐकिवात नाही. ऐन हंगामात मिल बंद पडली की वाचवलेल्याच्या दसपट जाते आणि गाड्या यार्डात उभ्या राहतात.

पण कारखान्यातले हे काम कसे होते ते बघा. काय काय बदलायचे याची यादी आधी होते. दरपत्रके मागवली जातात. आलेला माल स्टोअरमध्ये मोजून घेतला जातो. काढलेला जुना भाग भंगारात नोंद करून जातो. यातले एखादे कलम चुकले तर वार्षिक सभेत आपणच उठून चेअरमनसाहेबांना जाब विचारतो. मग जी शिस्त आपण कारखान्याकडून मागतो, तीच घरच्या गाडीला का लावू नये? आमचे सारे म्हणणे एवढेच आहे.

शोरूमवाला असे का करतो?

यात शोरूमवाल्याला चोर म्हणण्याचे कारण नाही. नवी गाडी विकून त्याच्या हातात फारसे उरत नाही. दुकानाचे भाडे, पगार, व्याज हे सगळे निघते ते वर्कशॉप, सुटे भाग आणि विम्यावर. त्यामुळे आलेल्या प्रत्येक गाडीमागे बिल किती झाले याच्याकडे वरच्यांचे लक्ष असते, आणि ते ओझे शेवटी काउंटरवरच्या पोराच्या डोक्यावर येते.

आमच्या गाडीची पावती फाडणारा मुलगा आमच्याच पंचक्रोशीतला निघाला. डिप्लोमा झालेला, वडील ऊस उत्पादक. ओळख निघाल्यावर बाहेरपर्यंत सोडायला आला आणि हळूच म्हणाला, "काका, पुढच्या वेळेला आधीच सांगत जावा, पुस्तकातलं तेवढंच करा म्हणून. आमाला सांगावंच लागतं वो. तुमी नको म्हटलं की आमी काय बळंच करत नाही."

हे ऐकून राग आला तो त्याचा नव्हे, आमचाच. विचारणे त्याचे काम होते, नको म्हणणे आमचे होते. त्याने त्याचे काम केले, आम्ही आमचे केले नाही.

त्या यादीतली सगळी कामे कायमची निरुपयोगी असतात असेही नाही. एसीला वास मारत असेल तर ती सफाई करावी. गाडी एका बाजूला ओढत असेल, टायर एका कडेने झिजत असेल, तर अलाइनमेंट करावेच. आपल्याकडच्या पावसात आणि चिखलात पोटाला कोटिंग असणे वाईट नाही. पण एकदा केले की प्रत्येक सर्व्हिसिंगला ते लागत नाही. आणि वेळच्या वेळी ऑईल बदललेल्या इंजिनाला फ्लशची गरज सहसा पडत नाही. आधी दुखणे, मग औषध. दुखणे दाखवा, नाहीतर औषध नको, एवढे म्हणायला काय हरकत आहे?

मग मेस्त्रीकडे जावे काय?

आमचे कोल्हापूर हे मेस्त्रींचे गाव. म्हादबा मेस्त्रींसारख्यांनी इथे यंत्रविद्येचा पाया घातला. उद्यमनगरात आजही असे हात आहेत, की इंजिनाचा आवाज ऐकून रोग सांगतील. वॉरंटी संपलेल्या गाडीचे साधे सर्व्हिसिंग अशा जाणत्या मेस्त्रीकडे कमी मजुरीत आणि डोळ्यांसमोर होते. आपला पैसा आपल्याच गावात राहतो, हा फायदा वेगळाच.

पण मेस्त्रीकडेही डोळे मिटून जाऊ नये. पहिली गोष्ट, बिल. "पावती कशाला, घरचंच हाय की" हे वाक्य गोड असते. पण पुढे इंजिनाचे काही झाले तर हातात कागद नसतो, आणि गाडी विकताना काय काय केले ते दाखवता येत नाही. दुसरी गोष्ट, ऑईल. सुट्या कॅनमधले, कुठल्या प्रतीचे कोण जाणे, असे ऑईल घालू देऊ नका. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-सहाच्या गाड्या आल्या. त्यांतल्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी धरणारा फिल्टर असतो. त्याला ठरलेल्या प्रतीचेच ऑईल लागते. भलतेच घातले तर तो फिल्टर लवकर तुंबतो आणि त्याचा खर्च ऐकून माणूस खाली बसतो. शंभर-दोनशे वाचवायला जाऊन हजारोंच्या खड्ड्यात पडायचे, हे शहाणपण नव्हे. ऑईल आणि फिल्टर सीलबंद, बिलासकट आपण स्वतः घेऊन जावे आणि समोर घालून घ्यावे.

तिसरी गोष्ट संगणकाची. आता गाडीच काय, ट्रॅक्टरही संगणकावर चालतो. १ जानेवारी २०२३ पासून पन्नास अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना धुराचे नवे नियम लागू झाले आणि त्यांच्या इंजिनांत इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली. ऊस ओढणारे बरेच ट्रॅक्टर याच ताकदीचे. जुन्या ट्रॅक्टरचा पंप मेस्त्री शेतात उघडत असे. आता समोर दिवा लागला की कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन येईपर्यंत हात जोडून बसावे लागते. आमच्या शेजारच्या गावात ऐन हंगामात एका सभासदाचा ट्रॅक्टर भरलेल्या ट्रॉल्यांसकट असा तीन दिवस उभा राहिला. दोष निघाला एका चिमुकल्या सेन्सरचा. पण तोडलेला ऊस थांबत नाही. रोज वाळतो, वजन घटते, उतारा घटतो. त्या तीन दिवसांचे नुकसान कुठल्या बिलात लिहायचे?

कायदा काय म्हणतो?

हा प्रश्न एकट्या कोल्हापूरचा नाही. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कारण असे, की या कंपन्या सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि उपकरणे खुल्या बाजारात येऊ देत नव्हत्या आणि गिऱ्हाईक आपल्याच दुकानाला बांधून ठेवत होत्या. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, बाहेरच्या चुकीच्या कामाने जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच ती नाकारा, असेही आयोगाने सांगितले. कंपन्या अपिलात गेल्या. २०१६ साली अपिलीय न्यायाधिकरणाने तिघांच्या बाबतीत दोष कायम ठेवला, पण दंड कमी केला. मोठ्यांची भांडणे अशीच लांबतात.

अमेरिकेतल्या शेतकऱ्यांचीही हीच ओरड होती, की ट्रॅक्टर आमचा, पैसा आमचा, आणि उघडायला परवानगी मात्र कंपनीची! तिथल्या कोलोरॅडो राज्याने २०२३ साली कायदा केला आणि १ जानेवारी २०२४ पासून शेती यंत्रांच्या कंपन्यांना दुरुस्तीची पुस्तके, सुटे भाग आणि संगणकाची साधने शेतकऱ्याला व बाहेरच्या मेस्त्रीला द्यावी लागतात. आपल्या केंद्र सरकारनेही डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' नावाचे संकेतस्थळ सुरू केले असून त्यात मोटारी आणि शेती अवजारे दोन्ही येतात. पण ते माहिती देणारे पान आहे; कोलोरॅडोसारखा कायदा आपल्याकडे अजून व्हायचा आहे. शेतकऱ्यांच्या संघटनांनी उसाच्या दराबरोबर हीही मागणी लावून धरावी, असे आमचे प्रांजळ मत आहे.

तोवर हातात जे आहे ते वापरू. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे केलेल्या कामाचे बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. नको असलेले काम गळ्यात मारले तर १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करता येतो. तेवढ्याने भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. मोबदल्याची रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर तिथे फी लागत नाही आणि वकील दिलाच पाहिजे असेही नाही.

आता करायचे काय?

आमच्या चुकीतून आम्ही जे शिकलो ते मांडतो. पटेल ते घ्यावे.

पहिले, गाडीबरोबर आलेले पुस्तक काढा. ते बहुतेकांच्या गाडीत प्लॅस्टिकसकट पडून असते! त्यात किती किलोमीटरला किंवा किती महिन्यांनी काय करायचे याचा तक्ता असतो. इंग्रजी अडले तर पोरीबाळींकडून वाचून घ्या. सर्व्हिसिंगला जाताना तोच तक्ता घेऊन जा आणि म्हणा, एवढे करा.

दुसरे, वॉरंटी असेपर्यंत कंपनीच्या वर्कशॉपमध्येच जा आणि तारीख चुकवू नका. आयोगाचा निकाल आपल्या बाजूचा असला, तरी दहा हजारांच्या कामासाठी कंपनीशी भांडत बसायला आपल्याला सवड नाही. पहिल्या सर्व्हिसिंग फुकट म्हणतात, त्यात मजुरी तेवढी फुकट असते. ऑईल-फिल्टरचे पैसे लागतात, हेही ध्यानात असू द्या.

तिसरे, गाडी सोडतानाच अंदाजपत्रक लेखी घ्या आणि जॉबकार्डवर लिहून ठेवा, की यापेक्षा जास्त काम विचारल्याशिवाय करू नये. फोन आला तर "करा की" म्हणू नका. "काय झालंय, फोटो पाठवा, किती लागतील ते लिहून पाठवा" असे म्हणा.

चौथे, बदललेले जुने भाग परत मागा. जुना फिल्टर घरी आणून काही उपयोग नाही, पण तो मागितला की नवा खरोखर बसतो.

पाचवे, कराची टक्केवारी बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या ज्या सुट्या भागांवर २८ टक्के जीएसटी होता तो १८ झाला. ट्रॅक्टरवरचा १२ वरून ५ झाला, आणि ट्रॅक्टरचे टायर व ठरावीक सुटे भाग १८ वरून ५ वर आले. नव्या तारखेच्या बिलात जुना दर दिसला तर तिथेच विचारा.

आणि सहावे, जे आम्हाला सगळ्यात महत्त्वाचे वाटते. हे एकट्याने करायचे काम नाही. कोल्हापूरचा शेतकरी सहकारी संघ १९३९ साली निघाला, तो एकेकटा शेतकरी बाजारात नागवला जातो हे ओळखूनच. बैल छाप खत आपल्या बापजाद्यांनी डोळे झाकून घेतले, कारण मागे आपलीच संस्था होती. मग आज गावागावांत शेकड्याने ट्रॅक्टर आणि गाड्या उभ्या असताना, ऑईल आणि फिल्टर विकास सोसायटीने एकत्र खरेदी करून सभासदाला बिलासकट का देऊ नयेत? आपल्या कारखान्याच्या वाहन विभागात एक चांगला स्कॅनर आणि दोन शिकलेली पोरे ठेवून, हंगामात सभासदांच्या ट्रॅक्टरचा दोष निदान तपासून देण्याची सोय का होऊ नये? दुरुस्ती कुठेही होवो. रोग काय हे आपल्या माणसाने सांगितले, तरी निम्मी फसवणूक थांबेल आणि रस्त्यात उभा राहणारा ऊस वेळेवर गव्हाणीत पडेल. खर्च किती, फी किती, जबाबदारी कोणाची, याचा विचार संचालक मंडळाने करावा आणि येत्या वार्षिक सभेत हा विषय चर्चेला घ्यावा, अशी आमची नम्र सूचना आहे.

काही सभासद म्हणतील, "चारचाकी घेणाऱ्याला दोन-चार हजारांचं काय एवढं?" त्यांना आमचे सांगणे असे, की आपल्यातल्या बहुतेकांनी गाडी हौसेपेक्षा गरजेपोटी घेतलेली आहे. म्हाताऱ्या आईला रात्री दवाखान्यात न्यायला, पोरांच्या शिक्षणाला, कर्ज काढून घेतलेली आहे. त्या कर्जाचा हप्ता उसातूनच जातो. काट्यावरच्या किलोसाठी आपण भांडतो ते किलोसाठी नव्हे, हिशोब चोख असावा म्हणून भांडतो. तोच चोखपणा इथे दाखवला तर त्यात कमीपणा कसला?

परवा आमच्या गाडीचे पुढचे सर्व्हिसिंग झाले. या खेपेला आम्ही तक्ता घेऊन गेलो, जॉबकार्डवर लिहून घेतले आणि दुपारी आलेल्या फोनला "नको" म्हणालो. बिल साडेसहा हजारांच्या आत आले. काउंटरवर तोच मुलगा होता. बिल पुढे सरकवत हसला आणि म्हणाला, "काका, आवंदा दोन टन वाचलं की तुमचं!"

आपलेही वाचावेत, एवढीच इच्छा. कळावे.